माझ्या फोटोवर मागितलेली मतं

हे मी कुणाला धीर द्यायला लिहीत नाही. धीर देणाऱ्यांनी माझ्या आजारपणात माझा जेवढा जीव खाल्ला, तेवढा केमोनंही खाल्ला नाही. ज्याला हा आजार झाला आहे आणि ज्याच्या खाटेभोवती आता सल्ले देणारे जमले आहेत, त्याच्यासाठी लिहिते. आणि थोडं माझ्या गावासाठी. गावाचं नाव लिहीत नाही, मेडशीहून आत आहे एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ते चिडले तर माझी हरकत नाही.

मी सुनंदा. एसटीत कंडक्टर. नवरा देवानंद शेती पाहतो, मुलगी प्राची अमरावतीला शिकते.

मूर्तिजापूरची गाडी

कंडक्टर बाई ड्यूटीवर पाणी कमी पिते. उतरून जायची सोय पुढे कुठे मिळेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे पोट साफ न होणं, रक्त पडणं हे सगळं मी मूळव्याध समजून अंगावर काढलं. चूर्ण खाल्लं, ताक प्यायले, ज्यानं जे सांगितलं ते केलं. एक दिवस भर गाडीत तिकीट देता देता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका म्हातारीच्या मांडीवर जाऊन बसले. ती म्हणाली, "बाई, रगत नाई तुह्या आंगात. डाक्टरले दाखव." इतक्या लोकांत तिचा सल्ला तेवढा कामाचा निघाला.

अकोल्याच्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागद पुढे ओढले आणि देवानंदकडे पाहून बोलायला सुरुवात केली. मी मधेच म्हटलं, "साहेब, आजारी मी हाये. मले सांगा."

ते थोडे वरमले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशन करू, मग केमो. उशीर झालाय, पण फार नाही."

बाहेर आल्यावर देवानंद सरळ स्टँडकडे चालत सुटला. स्टँडवर समोर जी गाडी लागली होती तिच्यात चढला आणि माझ्यासाठी जागा धरली. गाडी मूर्तिजापूरची होती, घराच्या उलट दिशेची. पाटी मला स्वच्छ दिसत होती. जन्म गेला माझा पाट्या वाचण्यात. तरी मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. घरी जायची घाई दोघांनाही नव्हती. मूर्तिजापूरला उतरून आम्ही चहा घेतला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि तो तिथेच, चहाच्या गाड्यापाशी, तोंड फिरवून रडला.

भेटायला येणारे

ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की त्यानंतर पहिल्यांदा गॅस सरला तेव्हा अख्ख्या वॉर्डाला आनंद झाला. आयुष्यात इतक्या लोकांनी माझं कौतुक कधी केलं नव्हतं.

घरी आल्यावर माणसं यायला लागली. कुणी म्हणे, बाहेरचं खाल्लं असेल. कुणी म्हणे, बायकांनी नोकरी केली की असं होतं. सासरच्या नात्यातली एक बाई माझ्यासमोर देवानंदला म्हणाली, "पोरीचं लगन उरकून टाका, मायच्या डोयांदेखत." मी जिवंत, समोर बसलेली, हातात चहाचा कप. मी म्हटलं, "चहा पेली असन तं कप ठेवा अन् निंघा." देवानंद दिवसभर माझ्यावर रागावला होता. नातेवाईक तोडते म्हणून. माझ्या आजारपणात आमची जेवढी भांडणं झाली तेवढी आधीच्या सगळ्या संसारात झाली नसतील. हे कुणी लिहीत नाही. सगळे लिहितात, घरच्यांनी साथ दिली. साथ दिलीच. पण साथ देणारा माणूसही थकतो, आणि थकलेला माणूस मिठावरून भांडतो.

रझिया आपा

केमोच्या हॉलमध्ये खुर्च्या ओळीनं मांडलेल्या असत. माझ्या शेजारच्या खुर्चीत रझिया आपा. कामरगावच्या. त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, आता मुलगा इम्रान पाहत होता. आजार माझाच, फक्त त्यांचा थोडा पुढे गेलेला.

आमच्या औषधाची एक गंमत होती. ते चढलं की गार वस्तू हाताला लागली तरी करंट बसल्यासारखं व्हायचं. स्टीलचा पेला धरवत नसे, गार पाणी घशाखाली काचा उतरल्यासारखं उतरायचं. पहिल्या दिवशी मी पेला धरला आणि किंचाळून सोडला. आपांनी आपली ओढणी पेल्याला गुंडाळून दिली. "पकड आता. नाई बसत करंट."

त्या माझ्याशी वऱ्हाडी बोलत आणि इम्रानशी हिंदी. तो दर वेळी त्यांना सोडून जाताना "अम्मी, हिम्मत रखो" म्हणायचा. तो गेला की आपा म्हणायच्या, "हिम्मत काय डब्यात भरून ठेवू? इथं पानी पोटात राहून नाई राह्यलं." मग आम्ही हसायचो आणि हसता हसता दोघींपैकी एकीला उलटी व्हायची. ओकायचं भांडं आम्ही एकमेकींना न बघता सरकवायला शिकलो.

त्या हॉलमध्ये मला कधी एकटं वाटलं नाही. गावात वाटलं.

तेल

तिसऱ्या केमोनंतर अन्न दिसलं तरी पोट ढवळायचं. कूस बदलत पडून राहायचं, झोप नाही. माझा चुलत दीर संतोष तेव्हा एक बाटली घेऊन आला. त्याचं फाट्यावर खता-बियाण्याचं दुकान आहे. बोलण्यात गोड.

"वहिनी, हे विजयाचं तेल हाय. भांगीच्या पानाचा अर्क. आयुर्वेदातलं, परवान्याचं. नागपूरच्या वैद्यानं तुमचे रिपोर्ट पाहून लिहून देल्लं."

मी अकोल्याला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "मळमळ आणि झोपेपुरतं घेऊन बघा. पण हे गाठीवरचं औषध नाही, एवढं लक्षात ठेवा. केमो चुकवायची नाही. आणि जे घ्याल ते मला सांगून घ्या."

खोटं कशाला बोलू, तेलानं मला बरं वाटलं. दोन-तीन दिवसांत एका संध्याकाळी वरणाचा वास आला आणि पोट ढवळलं नाही. मी तुरीच्या वरणात ज्वारीची भाकर कुस्करून अर्धी खाल्ली. देवानंद समोर बसून मुद्दाम भिंतीकडे पाहत होता, आपण पाहिलं तर ही थांबेल म्हणून. तेवढ्यात संतोष आला. "वा वहिनी!" म्हणाला आणि मोबाईल पुढे धरला. "इकडं पाहा जरा."

मी पाहिलं. माझ्या हातात भाकर होती, डोक्याला रुमाल, आणि खूप दिवसांनी पोटात अन्न गेल्यामुळे तोंडावर हसू होतं. त्या फोटोचं पुढे काय होणार आहे हे मी त्याला विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

फ्लेक्स

रक्त तपासायला तालुक्याला, मालेगावला निघाले होते. फाट्यावर गाडी हळू झाली आणि खिडकीतून मला मी दिसले. माणसाएवढी. बाजूला हिरवं पान. वर लिहिलेलं: "कॅन्सरवर विजय!" खाली: "आमच्या वहिनी जेवू लागल्या. औषधी दुकानासाठी ग्रामसभेत होय म्हणा."

गाडीतली माणसं एकदा फ्लेक्सकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होती.

संतोषला त्या तेलाचं दुकान टाकायचं होतं, एवढं मला तेव्हा कुठे कळलं. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हवा होता. गावात कुजबूज सुरू झाल्यामुळे सरपंचबाईंनी विषय ग्रामसभेपुढे ठेवला होता आणि हात वर करायला लावले तर डोकी फुटतील म्हणून चिठ्ठ्या टाकून मत घ्यायचं ठरलं होतं. गावभर ही चर्चा. मी घरात पडून, मला कुणी सांगितलं नव्हतं. देवानंदला माहीत होतं.

परत येताना मी संतोषच्या दुकानात गेले. "तो फ्लेक्स उतरव."

"वहिनी, तुमच्यामुयं लोकाइचं भलं होऊन राह्यलं."

"माह्या केमो अजून बाकी हायेत. विजय कोनं मियवला?"

"लोकाइले एवढं बारीक कुठं समजते!"

"म्हनूनच उतरव."

उतरवतो म्हणून त्यानं मान हलवली. फ्लेक्स तसाच राहिला. उतरवला असता तरी काय होणार होतं म्हणा, फोटो तोवर मोबाईलवरून कुठच्या कुठे गेला होता.

दुसरी बाजू

संतोषला विरोध करणारे तरी माझे असतील असं वाटलं होतं. बचत गटाच्या लताबाई चार-पाच बायकांना घेऊन आल्या. काही वर्षांपूर्वी आम्हीच बायकांनी मतदान करून गावातलं दारूचं दुकान बंद केलं होतं, तेव्हा लताबाईंच्या मागे रांगेत मीही उभी होते. त्या दिवशी घरी आल्या, तर कुणी बसायला तयार नाही.

"गांजाचं दुकान येऊन राह्यलं गावात," लताबाई म्हणाल्या. "पोरं वाया जातीन. तू ग्रामसभेत सांग, त्या तेलानं तुले नशा होते."

"नाई होत. झोप येते."

"मंग नको येऊ ग्रामसभेत."

एवढंच बोलून त्या वळल्या. जाताना एकीनं पाण्याचा पेला न पिता तसाच ओट्यावर ठेवला. त्यानंतरच्या पौर्णिमेला विहारात खीर वाटत होते, तर माझ्या शेजारची बाई आपली पोर उचलून पलीकडे जाऊन बसली. कॅन्सर लागत नाही हे तिला ठाऊक असावं. भांग लागते असं वाटलं असेल.

एका बाजूला माझं हसू विकणारा दीर, दुसऱ्या बाजूला मला गंजेडी ठरवणाऱ्या माझ्याच मैत्रिणी. तुला काय वाटतं, असं दोन्हींपैकी कुणीच विचारलं नाही.

रिकामी खुर्ची

पुढच्या केमोला रझिया आपांची खुर्ची रिकामी. नर्स म्हणाली, मागच्या वेळीही आल्या नाहीत. मी तिथूनच फोन लावला. इम्राननं उचलला.

"आंटी, अम्मी को अब केमो की जरूरत नहीं. तेल मंगवाया है. आप का ही फोटो देख के."

माझ्या एका हाताला सलाइन होती. दुसऱ्या हातातला फोन कधी बंद झाला कळलं नाही. शेजारच्या खुर्चीवर दुसरीच बाई येऊन बसली आणि मी तिला, त्या अनोळखी बाईला, "ते जागा रिकामी ठेवा" म्हणून ओरडले.

अंगात त्राण आलं तसं देवानंदला घेऊन कामरगावला गेले. दोन-तीन गाड्या बदलून. आपा दुकानाच्या मागच्या खोलीत पडून होत्या. डोळे पिवळे. मला पाहून उठायला लागल्या.

"तू तं बरी झाली ना?"

"नाई झाली, आपा. केमो चालूच हाये माही. फोटो खोटा हाये."

इम्रान दारात उभा होता. "तेल खोटं हाय का मंग?"

"तेल खरं हाये. त्यावर लिहिलं ते खोटं हाये." मी डॉक्टरांना फोन लावून त्याच्या हातात दिला. तो ऐकत राहिला. मग "सोचता हूँ" म्हणाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेला. त्याचाही राग करावा असं वाटलं, पण त्याचं वय माझ्या प्राचीएवढं. केमोनंतर आईला लोळताना पाहून तो थकला होता. त्याला कुणीतरी सोपा रस्ता दाखवला, माझं तोंड लावून.

चिठ्ठी

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. एवढी गर्दी पाण्याच्या प्रश्नाला कधी जमली नाही. संतोष बोलला, रोजगार, विकास, आयुर्वेद. लताबाई बोलल्या, पोरं, व्यसन, उद्ध्वस्त घरं. मग संतोष माझ्याकडे हात करून म्हणाला, "आमच्या वहिनीलेच विचारा!" बायकांच्या बाजूनं आरडाओरडा झाला. मी उठले. माईक थंड होता, हाताला करंट बसला. पदर गुंडाळून धरला.

"तेलानं माही मयमय कमी झाली, झोप लागली. हे खरं हाये. तेलानं माहा कॅन्सर बरा झाला, हे खोटं हाये. दुकान टाकायचं असन तं डाक्टरच्या चिठ्ठीबिगर बाटली द्यायची नाई. कोनाचा फोटो लावायचा नाई. केमो सोडा म्हननाऱ्याले गल्ल्यावर बसवायचं नाई. हे ठरावात लिहा, अन् मंग मतं घ्या."

सरपंचबाई बिचाऱ्या ग्रामसेवकाकडे पाहायला लागल्या. तो म्हणाला, "ताई, ठरावात फक्त होय का नाही एवढंच आहे."

मागून कुणीतरी ओरडलं, "काकूले चढली वाटते!"

पटांगण हसलं. संतोषची माणसं हसली, लताबाईंच्या बायका हसल्या. त्या दिवशी गाव तेवढ्या एका गोष्टीवर एक झालं.

मी चिठ्ठीवर "नाही" लिहिलं. अटी घालणार नसतील तर नकोच, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे डोळ्यांपुढे आपांचे पिवळे डोळे होते आणि डोक्यात राग होता.

"नाही" जिंकलं. बायकांनी एकमेकींना गुलाल लावला. लताबाई माझ्याकडे गुलाल घेऊन आल्या, मी हात आडवा धरला.

घरी जाताना देवानंद मागे मागे चालत होता. दारापाशी आल्यावर म्हणाला, "मी होय टाकलं."

"काहून? फ्लेक्सचं तुले माहीत होतं, मले सांगतलं नाई. अन् वरून होय?"

"तू त्या दिवशी भाकर खाल्ली," तो म्हणाला. "मले दुसरं काई समजत नाई."

आम्ही कितीतरी दिवस कामापुरतंच बोललो. तो चूक होता असं मला म्हणता येईना. मी चूक आहे असं तो म्हणेना. माझ्या केमो संपल्या. शेवटच्या वेळी संतोषकडून तेल आणायचं नाही म्हणून मी तशीच ओकत काढली आणि देवानंद बादली धरून बसला.

खुर्ची पुन्हा

आता मी डेपोत बसून काम करते. तळपायांना मुंग्या आहेत, जास्त वेळ उभं राहवत नाही. तपासणीला अकोल्याला जाते. पहिल्या तपासणीला गेले तेव्हा हॉलमध्ये डोकावले आणि रझिया आपा खुर्चीत होत्या. इम्राननं विचार केला होता. उशिरा केला, पण केला. त्यांचं औषध बदललं होतं, आधीपेक्षा कडक. डॉक्टर फार काही बोलत नव्हते, चालू ठेवू म्हणत होते.

आपा सुकून गेल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी स्टूल ओढून बसले.

"काईच पोटात राहून नाई राह्यलं," त्या म्हणाल्या. "त्या तेलानं तेवढं बरं लागत होतं. तो पाठवनारा आता पाठवत नाई, कुठंच भेटत नाई. तुह्या गावात दुकान होनार होतं ना? काय झालं त्याचं?"

"नाई झालं. मतदानात पडलं."

"काहून? कोनाच्या पोटात दुखत होतं?"

मी लपवलं असतं तर चाललं असतं. "मी बी नाईच लिहिलं, आपा."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "तू? काहून?"

"तुमच्यासाठी."

"माह्यासाठी?" आपा खुर्चीत जरा वर सरकल्या. त्यांचा आवाज अख्ख्या हॉलला ऐकू गेला. "मले विचारलं होतं?"

दिराला, लताबाईला, डॉक्टरला, देवानंदला, सगळ्या गावाला ज्या गोष्टीवरून मी शिव्या घातल्या होत्या, तीच मी केली होती, आणि जिच्यासाठी केली ती समोर ओकायचं भांडं धरून बसली होती.

मी उठून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आपांचे कागद पाहिले, तेल घ्यायला हरकत नाही म्हणाले आणि अकोल्यात बसणाऱ्या एका वैद्यांच्या नावे चार ओळी लिहून दिल्या. वैद्य त्यांना तपासतील, मग लिहून देतील, औषध नागपूरहून आणावं लागेल. मी कागद घेऊन आपांजवळ आले. इम्रान तिथे होता, त्यालाही ऐकू जाईल असं बोलले.

"आपा, हे गाठीचं औषध नाई. केमो सोडायची नाई. फक्त अन्न जावं म्हनून. विचारून राह्यली मी. आनू का?"

त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"आन," त्या म्हणाल्या. "अन् येतानी तुह्या घरची भाकर घेऊन येजो. इथली खिचडी मले पाहवत नाई."